कोकणच्या घरांचं संग्रहालय उभारा, पण त्यातली चूल पेटती ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग.

विषय : कोकणातील जुनी घरे, कारागिरी आणि लोककला यांचे खुल्या आवारातील संग्रहालय उभारण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ती शोधत बसावी लागणार नाही. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून जुन्या कोकणी घरांचं एक खुल्या आवारातलं संग्रहालय उभं करावं. त्यातली घरं खरी असावीत, गावागावांतून उतरवून आणून पुन्हा उभी केलेली. आणि ती घरं बांधणारी, सारवणारी, शाकारणारी माणसं तिथे बारा महिने कामावर असावीत. यातली दुसरी अट पहिलीहून मोठी आहे. ती पाळली जाणार नसेल तर पहिलीवर जनतेचा पैसा घालू नका, असंच मी म्हणेन.

असं म्हणण्याचं कारण म्हणजे कोकणातलं मातीचं घर एकदा बांधून संपत नाही. ते दरवर्षी थोडं थोडं नव्याने बांधावं लागतं. पाऊस ओसरला, भातं कापणीला आली की अंगणाचं काम निघतं. चार महिन्यांत अंगणावर गवत माजलेलं असतं, शेवाळ धरलेलं असतं, पागोळ्यांनी कडेला चर पडलेले असतात. गवत खुरपायचं, नवी माती ओढायची, पाणी मारायचं आणि उकिडवं बसून चोपण्याने ठोकत ठोकत सगळं अंगण एकसारखं करायचं. मग शेणाने सारवायचं. काळंभोर अंगण हवं असेल तर शेणात करवंट्यांच्या कोळशाची पूड घालायची. त्यावर मांडव येतो. बांबूचे किंवा पोफळीचे खांब, वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर. मालवणाकडे त्याला माटव म्हणतात. पुढचे सहा-सात महिने घराचा निम्मा कारभार त्या मांडवाखाली चालतो. भात झोडणं तिथे, सुपारी सोलणं तिथे, कडेला उन्हात आमसुलं आणि आंबापोळी वाळत घातलेली. रात्री पुरुषमाणसं तिथेच झोपतात. घरात कार्य निघालं तर तेही तिथेच होतं.

वैशाखात उलटं काम सुरू होतं. मांडव उतरवायचा, त्यातली धड झापं वेगळी काढायची आणि पडवीला, पश्चिमेच्या भिंतीला त्यांचा आडोसा बांधायचा. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो आणि मातीच्या भिंतीला थेट लागला की भिंत खायला लागतो. मग कौलं चाळायची. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकेक ओळ उचलायची, अडकलेला पाला झाडायचा, फुटकी बदलायची, पुन्हा एकात एक बसवायची. हे काम करणाऱ्या माणसाला वाशाच्या कुठल्या जागी पाय द्यायचा ते पायालाच कळलेलं असतं. लाकडं आणि शेणी पडवीत रचायच्या. आगोटीची, म्हणजे पावसाच्या तयारीची, ही सगळी कामं मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आत आटपावी लागतात.

पावसाळ्यात बाहेरचं काम थांबतं तेव्हा घर राखायचं काम चुलीकडे जातं. दिवसभर चूल पेटती असते, न्हाणीघरात पाणी तापत असतं, संध्याकाळी गोठ्यात धुरी असते. हा धूर माळ्यावरून वर चढतो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. जाता जाता वाशांवर, रिपांवर, माळ्याच्या बांबूंवर काजळीचा थर चढवून जातो. जुन्या घरात मान वर करून पाहा, चुलीवरचं लाकूड काळं आणि कडक असतं. त्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. वाळवी लागते ती बाहेरच्या खोलीच्या, चुलीपासून लांब असलेल्या लाकडाला. चूल बंद झाली की घराचं औषधपाणीच थांबतं.

हे सगळं मी इतक्या बारकाईने सांगते आहे, कारण संग्रहालय म्हटलं की आपल्यापुढे बांधकामाचा आराखडा येईल. किती चौरस मीटर, किती रक्कम, कोणत्या महिन्यात उद्घाटन. कोकणातलं घर अशा आराखड्यात बसत नाही. ते उभं राहिल्यावर पहिल्या पावसातच त्याला माणसं लागतात.

बंद घर कसं पडतं, ते आमच्याकडे कुणालाही विचारा. माणसं मुंबईला असतात, घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. मधल्या काळात माकडं छपरावरून उड्या मारत जातात आणि एखादं कौल सरकतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात एवढं पुरतं. त्या फटीतलं पाणी वाशावर पडतं, वासा कुजतो, शेजारची चार कौलं त्याच्याबरोबर खाली येतात, पाणी भिंतीच्या माथ्यावर येतं आणि मातीची भिंत वरून विरघळायला लागते. जांभ्याच्या जोत्याला काही होत नाही. काही वर्षांनी तिथे फक्त जोतं असतं, त्यावर भेंड आणि रानमोडी उगवलेली. आमच्या वाडीत अशी जोती आहेत. गावोगाव आहेत.

त्यात वादळं आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत घरांची छपरं उडाली, आगरातल्या माडा-पोफळी आडव्या झाल्या. तारीख पाहा, मिरग चार दिवसांवर होता. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं, त्याने त्या चार दिवसांत कौलं शोधायची कुठे? मिळाला तो पत्रा त्याने घातला आणि मुलाबाळांना कोरडं ठेवलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ज्यांनी पत्रा घातला, ज्यांनी पुढे स्लॅबचं घर बांधलं, त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. मला तर मुळीच नाही. मी बाई आहे. अंगण चोपताना कंबर कशी धरते, धुराने डोळे कसे चुरचुरतात, आठवड्याला सगळं घर सारवून बोटांची कातडी कशी जाते, हे मला ठाऊक आहे. आमच्या आयांनी ते आयुष्यभर केलं आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही दिलं नाही. लादीची जमीन घातली त्या दिवशी माझ्या आईला झालेला आनंद मी पाहिलेला आहे. त्या आनंदाला मी नॉस्टॅल्जियाच्या खाली गाडणार नाही.

म्हणून गावातल्या माणसांनी जुन्या घरात राहावं, अशी माझी मागणी नाही. जे ज्ञान आता कुणाच्याच रोजच्या उपयोगाचं राहिलेलं नाही, ते सरकारी पैशातून, रीतसर मजुरी देऊन जिवंत ठेवा, अशी मागणी आहे.

हे जगात आणि आपल्या देशात होत आलेलं आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुल्या आवारातलं संग्रहालय सुरू केलं. देशभरातली शेतकऱ्यांची घरं, कोठारं उतरवून एका टेकडीवर पुन्हा उभी केली. कारखानदारीने गावं रिकामी होत होती तो काळ. चेन्नईच्या दक्षिणेला मुट्टुकाडूजवळ दक्षिणचित्र १९९६ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर आहे, केरळातल्या पुदुपल्लीचं सिरियन ख्रिश्चन कुटुंबाचं घर आहे, इळकलच्या विणकराचं घर आहे. मूळ घरं पाडली जाणार होती. ती विकत घेतली, सांधे मोकळे केले, आणली आणि उभी केली. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्यासारखाच पाऊस झेलणाऱ्या मणिपाळला विजयनाथ शेणॉय या बँकेत नोकरी केलेल्या माणसाने किनारी कर्नाटकातली आणि मलनाडातली घरं अशीच आणून वसवली. त्यामुळे आपल्या पावसात असलं काही टिकत नाही, हे उत्तर कुणी देऊ नये. आणि भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात, श्यामला टेकडीवरच्या सुमारे २०० एकरांत, त्या त्या समाजाच्या लोकांना बोलावून त्यांच्याच हातून त्यांची घरं बांधून घेतली. मला या सगळ्यांत भोपाळची पद्धत सर्वांत जवळची वाटते. तिथे घराबरोबर घर बांधणाऱ्याचाही मान राहतो.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे, पण ती एकेकट्या माणसांच्या आणि संस्थांच्या जिद्दीने. गणपतीपुळ्याचं ‘प्राचीन कोकण’ हे संग्रहालय हजारो मुलांनी पाहिलं आहे. बलुतेदार कोण होते, कुणाचं काम काय होतं, हे त्यांना तिथल्या पुतळ्यांमुळे डोळ्यांनी दिसलं. तिथून अगदी जवळ मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचं जन्मघर नीट करून १९९४ मध्ये स्मारक उभारलं. कवीच्या निमित्ताने एक कोकणी घर वाचलं, ही मोठी गोष्ट आहे. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या तिथे मांडल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. ही ठिकाणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते जिथे हात चालू होते तिथे, म्हणजे पिंगुळीत आणि सावंतवाडीत. चित्र हातात धरून गोष्ट सांगणारा माणूस समोर असला की त्या चित्राला कागदापलीकडचं काहीतरी येतं. पुतळा माणसाचा पोशाख दाखवू शकतो, त्याचं अवजार दाखवू शकतो. त्याने ते अवजार कसं धरलं होतं, किती जोर लावला, चुकलं तर काय केलं, हे पुतळ्याला सांगता येत नाही. आता सरकारने काही करायचं तर या पुढचं पाऊल टाकावं. सिमेंटच्या भिंतीवर जांभ्याचा रंग देऊन केलेलं आणखी एक गाव आम्हाला नको.

घरं मिळणार कुठून, हा प्रश्न समितीत पहिल्यांदा येईल. त्याचं उत्तर आमच्या सातबारात आहे. कोकणातली बहुतेक जुनी घरं सामाईक आहेत. एका घरावर तीन पिढ्यांचे वारस, निम्मे मुंबईत, काही परदेशात. जागेवर त्यांचं एकमत होत नाही, म्हणून दुरुस्ती होत नाही, म्हणून घर पडतं. पण घर पडायला आलं की लाकडावर मात्र लगेच एकमत होतं. जुन्या लाकडाचे व्यापारी गावोगाव फिरतात. फणसाचे खांब, नक्षीचे दरवाजे, झोपाळ्याच्या कड्या, देवघराचं मखर, सगळं एका टेम्पोत जातं आणि कुठल्यातरी हॉटेलच्या स्वागतकक्षात उभं राहतं. समितीने जमीन मागूच नये. व्यापारी जो भाव देतो, तो भाव द्यावा आणि सांगाडा घ्यावा. जुनं घर उतरवायचं ठरलं की ग्रामपंचायतीला कळवावं, आणि ग्रामपंचायतीने संग्रहालयाला, एवढी साधी व्यवस्था केली तरी वर्षभरात निवड करता येईल इतकी घरं पुढे येतील.

आणि ती उतरवता येतात, हे महत्त्वाचं. आमच्याकडच्या जुन्या सुतारांनी खांब, तुळया आणि वाशांचे मोठे सांधे लाकडाच्या खुंट्यांवर बसवलेले असतात. खुंटी मागून ठोकली की सांधा सुटतो, लाकडाला इजा होत नाही. शेजारचं घर उतरवताना मी हे पाहिलं. कामाला आलेले सुतारमामा प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करत होते आणि हाताखालच्या पोराला सांगत होते की खांब उलटा ठेवू नकोस, झाडाचा बुंधा खालीच असायला हवा. पुन्हा बांधायचं नव्हतंच ते घर. तरी त्यांनी खुणा केल्या, कारण दुसऱ्या पद्धतीने घर उतरवणं त्यांना येतच नव्हतं. जोत्याचा चिरा तसाच्या तसा पुन्हा वापरता येतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होत जातो, त्यामुळे जुना चिरा नव्यापेक्षा उजवाच. भिंत नेता येत नाही, पण भिंतीची माती नेता येते. ती भिजवून, तुडवून पुन्हा थर घालायचे. एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई केली तर खालचा थर बसतो आणि भिंत फुगते. ठेकेदाराच्या मुदतीत हे काम बसवायचा प्रयत्न झाला तर काय होईल, ते मी वेगळं सांगायला नको.

कौलांचा प्रश्न मात्र अवघड आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, खाचांची कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधीची आमची कौलं नळीची. कुंभार चाकावर निमुळती नळी काढायचा आणि ओली असतानाच उभी चिरून दोन कौलं करायचा. मंगळुरी कौलं आली आणि हे काम मागे पडलं. आज हे काम येणारे हात शोधावे लागतील आणि सापडले की त्यांच्याकडे चार तरुण शिकायला बसवावे लागतील. संग्रहालयात कुंभाराची भट्टी असावी ती बघण्यासाठी नव्हे, तिथल्याच छपरांची कौलं भाजण्यासाठी.

आता कुणाची घरं निवडायची. इथे मी समितीला कळकळीने सांगते की फक्त चौसोपी वाडे आणू नका. चौक, झोपाळा, माजघर, बाळंतिणीची खोली, हे सगळं देखणं आहे आणि त्यातलं एखादं घर आलंच पाहिजे. पण कोकणातली बहुसंख्य माणसं तसल्या घरात कधी राहिली नाहीत. कुणब्याचं पडवी-ओटी-माजघराचं घर हवं, ज्यात बैल आणि माणसं एका छपराखाली नांदली. मासेमारी करणाऱ्या गाबिताचं किंवा दालद्याचं किनाऱ्यावरचं घर हवं, जाळी सुकवायला आणि विणायला जागा ठेवलेलं, शेजारी उलांडीची होडी आणि रापणीचं सामान. रापणीत सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि मासळीचे वाटे करायचे, ती रीतही तिथे कुणीतरी जाणत्याने सांगावी. कातकऱ्याचं कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं घर हवं. कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यातलं घर हवं. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाचं, तेलाचा घाणा असलेलं घर हवं. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना गावात शनवार तेली म्हणत. त्या समाजातली बहुतेक माणसं आता इस्रायलला गेली. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतलं घर हवं, जिथे आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. आणि महारवाड्यातलं घर हवं. गावाच्या कोणत्या कडेला ते होतं आणि पाणी कुठून आणावं लागे, हे लपवू नये.

खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाडा ठेवाल तेव्हा त्याच्यासमोर कुळाचं खोपट असू द्या, आणि दोघांमध्ये काय व्यवहार होता तो भिंतीवर स्पष्ट लिहा. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ जमीन न कसता संप केला. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मुलं वाड्याच्या झोपाळ्यावर बसून फोटो काढतील, काढू देत. पण त्या झोपाळ्याच्या कड्यांसाठी भात कुणाच्या खळ्यातून आलं, हे त्यांना कळल्याशिवाय ती बाहेर पडू नयेत.

लोककलांबद्दल एक गोष्ट आधी मागते. आमचे देव तिथे आणू नका. शिमग्याची पालखी, ती बसवायची सहाण, निशाण, देवापुढचं गाऱ्हाणं या गोष्टी त्या त्या गावच्या आहेत. त्या माणसांनी, त्या मानकऱ्यांनी, त्याच वाटेने केल्या तरच त्यांना अर्थ आहे. पर्यटकांसाठी दुपारी तीन वाजता पालखी नाचवणं मला सहन होणार नाही, आणि गावच्या कुणालाही होणार नाही.

बाकी दशावतार, नमन, जाखडी, डबलबारी भजन, चित्रकथी यांना तिथे घर हवं आहे. पण अर्ध्या तासाचा तुकडा कापून दाखवायचा असेल तर त्यापेक्षा नको. दशावतार रात्री उभा राहतो. आडदशावतारातला संकासुर येऊन हसवून जातो, मग आख्यान लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, समोरचा राजा काय बोलला त्यावर याने उत्तर द्यायचं. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. एवढ्यावर इंद्राचा दरबारही उभा होतो आणि रानही. हे ज्यांना समजतं अशा प्रेक्षकांशिवाय नटालाही रंग चढत नाही. म्हणून जत्रांचा हंगाम सोडून, महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री, आसपासच्या गावांतल्या लोकांना तिकीट न लावता बोलवा आणि पाहुण्यांना त्यांच्यात बसू द्या. दशावतारी कंपनीला बिदागी जत्रेपेक्षा कमी देऊ नका. पेटारा डोक्यावर घेऊन चालत गावं पालथी घालणाऱ्या नटांची पुढची पिढी दिवसा दुसरी नोकरी करते आणि रात्री राजा होते. त्यांना पावसाळ्यात, हातात खेळ नसताना, रंगभूषा आणि वाद्यं शिकवायचं काम तिथे मिळालं तर अनेक जण आनंदाने करतील.

जागेबद्दल थोडक्यात. सड्यावर कातळ सपाट करून, भोवती कुंपण घालून, एका रांगेत घरं लावू नका. कोकणातलं घर उतारावर, पाण्याच्या जवळ, झाडांच्या आड बसतं. पुळण, आगर, मळा, वाडी, वरकस, सडा अशी जमीन वर चढत जाते आणि घराची तऱ्हा तिच्याबरोबर बदलते. खाडीकाठचं, बऱ्याच अंशी ओस पडलेल्या एखाद्या वाडीचं गाव शोधा, तिथल्या लोकांची संमती घ्या, भाडेपट्टीने जमिनी घ्या. गडगे, पाखाडी, विहीर, रहाट हे तिथे आधीच असेल. त्या वाडीत उरलेली माणसं उद्या तिथली पहिली कामगार होतील.

पैशाबद्दल मात्र थोडक्यात चालणार नाही. जे काही मंजूर कराल, त्यात बांधकामाच्या शेजारी पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी बांधून ठेवा, आणि ती बांधून ठेवल्याशिवाय नारळ फोडू नका. कौलं चाळणारे, मांडव घालणारे, झापं विणणारे, सुतार, कुंभार, बुरूड यांना वर्षभराचा पगार हवा. आणि अंगण चोपणाऱ्या, सारवणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या बायकांची नोंद कारागीर म्हणून व्हावी, सफाई कामगार म्हणून नव्हे. सुताराला जो रोज मिळेल तोच त्यांना मिळावा. सारवणाचा हात वर्षानुवर्षांचा असतो. शेण किती पातळ, हात कुठून कुठे फिरवायचा, भेग गेली तर काय करायचं, हे येणाऱ्या बायका आता साठीच्या, सत्तरीच्या आहेत. त्यांच्याकडे दोन-दोन मुली शिकायला ठेवा आणि त्या मुलींनाही शिकण्याच्या काळात पगार द्या. आमच्या आयांना जे कधी मिळालं नाही, ते निदान या कामाला इथे मिळेल.

चूल पेटती ठेवायची म्हणजे रोज स्वयंपाक झाला पाहिजे. पाहुण्यांना जेवण त्याच चुलीवरचं मिळू द्या. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भाताची पेज, मोसमाप्रमाणे मासळी, फणसाची भाजी. त्यातून थोडा खर्चही सुटेल आणि वाशांना धूरही मिळेल. मे महिन्यात आगोटीची कामं चालू असताना संग्रहालय बंद ठेवू नका, उलट त्याच दिवसांत शाळांच्या सहली बोलवा. मुलांना कौलं हातोहात वर द्यायला लावा. पावसाळ्यातही उघडं ठेवा. भर पावसात कोरड्या माजघरात बसून छपरावरचा आवाज ऐकणं, हे कोकणच्या घराचं खरं दर्शन आहे, आणि ते बघायला येणारे लोक मिळतील.

हे सगळं व्हायला वर्षं लागतील, ते मला कळतं. एक काम मात्र थांबू शकत नाही. येत्या मिरगाआधी प्रत्येक तालुक्यात उभ्या असलेल्या मातीच्या घरांची पाहणी सुरू करा. ग्रामसेवक, शाळेतले शिक्षक आणि वास्तुरचना शिकणारी मुलं यांना एकत्र पाठवा. मापं घेऊ द्या, फोटो काढू द्या, आणि घर कुणी बांधलं, लाकूड कुठून आलं, हे आठवणारं म्हातारं माणूस असेल तर त्याचं बोलणं रेकॉर्ड करू द्या. या कामाला इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. आमच्या गावापुरती मी सोबत फिरायला तयार आहे. कुठल्या घराची किल्ली कुणाकडे आहे ते मला माहीत आहे, आणि मुंबईतल्या वारसांना फोन करायचं कामही माझ्याकडे द्या. आमच्या वाडीतल्या एका घराची पश्चिमेची भिंत गेल्या पावसात अर्ध्याहून जास्त गेली आहे. त्याच्या आतले खांब अजून धड आहेत. आपली माणसं पाठवणार असाल तर पहिल्यांदा तिथे पाठवा.

कळावे.

आपली,
राजापूर तालुक्यातील एक ग्रामस्थ